दोन पाईप की तीन? सम्पची लाईन ठरवताना

माशांच्या टाकीखाली सम्प (स्पंज आणि पंप असलेली दुसरी, खालची टाकी) घ्यायचं नक्की झालं की वरच्या टाकीला भोकं पाडण्याआधी एक निर्णय घ्यावाच लागतो. वरचं पाणी दोन पाईपांनी खाली आणायचं (हर्बी) की तीन (बीनअ‍ॅनिमल)? एका पाईपातून पाणी आणि हवा एकत्र उतरवणारा दुर्सो मी या तुलनेत धरत नाही. टाकी बसायच्या खोलीत असेल तर त्याची गुळगुळ सोसत नाही, आणि तो तुंबला तर दुसरी वाटही नसते.

मी दीड वर्ष हर्बी वापरला. एक पाईप पूर्ण भरलेला सायफन (आत हवा नाही, फक्त पाणी), त्यावर गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून प्रवाह बारीक जुळवायची झडप), आणि शेजारी आणीबाणीचा कोरडा पाईप. मांडणी सुटसुटीत आहे, आणि जमून बसला की आवाज खरोखरच शून्य. प्रश्न आहे तो जमून बसण्याचा.

पंप जेवढं पाणी वर टाकतो, तेवढंच सायफनने खाली न्यायला हवं. पण पंप रोज सारखं टाकत नाही. इम्पेलरवर (पंपाच्या फिरत्या पंख्यावर) थर चढतो, स्पंज भरतो, सम्पमधली पातळी उतरते. वाटतं की ओव्हरफ्लो बॉक्समधलं (वरच्या टाकीतलं पाणी सांडून जिथून पाईपांत शिरतं, त्या कप्प्यातलं) पाणी थोडं वरखाली होऊन हा फरक आपोआप भरून निघेल. तसं होत नाही. सम्पपर्यंतची उंची आधीच ७०-८० सेंटीमीटर असते, त्यात वर ४ सेंटीमीटर पाणी वाढलं तर सायफनचा प्रवाह जेमतेम दोन-तीन टक्के वाढतो. म्हणून पातळी हळूहळू सरकत राहते. उतरली तर सायफन हवा ओढून फुरफुरतो. चढली तर आणीबाणीच्या पाईपात धार लागते. रात्री झोप लागता लागता ती फुरफुर सुरू व्हायची. उठायचं, कॅबिनेट उघडायचं, चाक केसभर फिरवायचं आणि अंधारात कान देऊन बसायचं. दर दहा-बारा दिवसांनी हे व्हायचं. माझा हर्बी गेला तो याच एका कारणाने, एरवी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तीन पाईपांत हा हिशोब काटेकोर ठेवावाच लागत नाही. सायफन मुद्दाम किंचित आवळून ठेवायचा. उरलेलं थोडं पाणी दुसऱ्या, उघड्या पाईपाच्या भिंतीला चिकटून खाली उतरतं. तिथे पातळी थोडीशी चढली तरी प्रवाह बराच वाढतो, म्हणून पंपाचे चढउतार तोच पाईप पचवतो. त्यावरच्या हवेच्या नळीचं तोंड नेहमीच्या पातळीच्या जरा वर ठेवतात. सायफन तुंबला तर पाणी चढून ते तोंड बुडतं, हवा बंद होते आणि दुसरा पाईप स्वतःच सायफन बनतो. तिसरा कोरडाच राहतो. बदल केल्याला आठ महिने झाले. व्हॉल्व्हच्या चाकावर मार्करने केलेली खूण अजून जागची हललेली नाही.

अर्थात, टाकीत कोपऱ्याचा ओव्हरफ्लो आधीच बसवलेला असेल आणि भोकं दोनच असतील, तर हर्बी करावा आणि रिटर्न (सम्पमधलं पाणी परत वर नेणारा पाईप) काठावरून आत घ्यावा. नवीन काच कापण्यापेक्षा ते शहाणपणाचं. बॉक्स अरुंद असेल तर तीन एल्बो दाटीवाटीने कोंबण्यातही अर्थ नाही. पण टाकी अजून कोरी असेल, तर मी तरी तिसरं भोक पाडून घेईन. दोन्हींत गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाव फेऱ्यात उघडा-बंद होतो, त्याने बारीक जुळवणी होत नाही. सायफनचं खालचं तोंड सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटीमीटरच बुडवा. खोल गेलं तर सुरू होताना पाईपातली हवा बाहेर पडायला अडते.

रिटर्नच्या बाबतीत माझा चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेवर) भरवसा नाही. एक छोटी गोगलगाय त्याच्या झडपेत अडकली आणि वीज गेल्यावर पाणी बिनदिक्कत मागे आलं. सम्पमध्ये जागा होती म्हणून फरशी वाचली. त्यापेक्षा रिटर्नचं तोंड पृष्ठभागाजवळ ठेवा. १२० बाय ४५ सेंटीमीटरच्या टाकीत ते ५ सेंटीमीटर खाली असेल, तर पंप थांबताच सुमारे २७ लिटर पाणी उलट येतं. त्यात पाईपांतलं आणि बॉक्समधलं वेगळं. सगळं बसवून झालं की पंप बंद करा, पाणी उतरायचं पूर्ण थांबू द्या, आणि ते काठाच्या पुरेसं खाली राहिलं का ते पाहा. पंप परत सुरू करून पातळी स्थिरावली की तिथे सम्पच्या काचेवर रेघ मारा. चालू पंपावर पाणी भरताना त्या रेघेच्या वर जायचं नाही.