वकील नेमण्याआधी केलेली चौकशी : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

पहिला वकील मी एका लग्नाच्या मांडवात ठरवला होता. पंगतीत शेजारी बसलेल्या नातेवाइकांनी नाव सुचवले, "जिल्ह्यात त्यांचा दबदबा आहे, ताई, डोळे झाकून कागद द्या," असे सांगितले, आणि मी खरोखरच डोळे झाकून वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचे कागद त्यांच्या हाती दिले. चाळीस हजार रुपये रोख दिले आणि पावती मागायचा संकोच वाटला. दावा दाखल झाला, परंतु पुढे लागोपाठच्या तारखांना आमच्या बाजूने कोणीच उभे राहिले नाही आणि अखेरीस तो वादीच्या गैरहजेरीत काढून टाकण्यात आला. हे मला सात महिन्यांनी कळले, तेही भावाकडून, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा होता त्याच्याच तोंडून.

दुसरा वकील नेमण्यापूर्वी मी तीन आठवडे चौकशी केली. त्या चौकशीच्या आधारे नेमलेल्या वकील मॅडमकडे माझे काम आता चौदा महिने चालू आहे. तेव्हा वापरलेल्या मार्गांपैकी कोणता खरा ठरला, कोणत्याने फसवले आणि कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे आता पुरेशा अंतरावरून सांगता येईल असे वाटते. एक कबुली आधीच देते. काढून टाकलेला दावा पुन्हा मूळ नंबरावर घेण्याच्या, म्हणजे पुन्हा चालू करण्याच्या, अर्जासाठी तीस दिवसांची मुदत असते, ती केव्हाच उलटली होती, आणि विलंब माफीच्या अर्जात उशिराचे कारण पटवून द्यावे लागते. माझ्या चौकशीचे तीन आठवडे त्या विलंबात भरच घालत होते, आणि मॅडमनी पहिल्याच भेटीत त्याबद्दल मला चांगलेच सुनावले.

इंटरनेटवरील तारांकित अभिप्राय हा सर्वांत निरुपयोगी मार्ग ठरला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील ३६ वा नियम वकिलाला जाहिरात करण्यास किंवा कामे मिळवण्यासाठी गळ घालण्यास मनाई करतो. २००८ च्या दुरुस्तीनंतर त्याला संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देता येते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची जंत्री आणि मानांकने देणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांविरुद्ध कठोर भूमिका घेतली, तीही याच नियमाच्या आधारे. ज्यांनी स्वतःच्या पानावर "हमखास निकाल" असे छापले होते, त्यांची नावे मी याच कारणाने यादीतून काढली. अभिप्रायांचे म्हणाल तर एक तारा देणारा माणूस त्या वकिलाचा अशील होता की त्याने उलटतपासात घाम फोडलेला विरुद्ध पक्षाचा साक्षीदार, हे कळायला मार्ग नसतो. दुसऱ्या प्रकारचा तारा मी तर गुणच समजेन.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तपासणे हे किरकोळ पण आवश्यक काम आहे. आपल्याकडील वकिलाचे नाव महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या पटावर असते, आणि 'एमएएच', मग क्रमांक, मग वर्ष अशा स्वरूपाचा नोंदणी क्रमांक वकीलपत्रावर लिहिलेला असतो. मी तिघांकडे तो मागितला. दोघांनी लगेच दिला. तिसऱ्यांच्या कारकुनाने "साहेबांना असले कोणी विचारत नाही" असे उत्तर दिले.

खरे काम केले ते ई-कोर्ट्सच्या अॅपने. ही शासकीय सेवा विनामूल्य आहे. बहुतेक लोक तिच्यात आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी ओळख क्रमांक (सीएनआर) टाकून पुढची तारीख पाहतात आणि बंद करतात. पण तिच्यात वकिलाच्या नावानेही शोध घेता येतो. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून नाव टाकले की प्रलंबित आणि निकाली प्रकरणांची यादी येते, प्रत्येक प्रकरण उघडल्यावर तारखांचा तक्ता दिसतो, आणि एकेका तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी काय घडले त्याची नोंद वाचता येते. पक्षकार ज्याला रोजनामा म्हणतात त्याचे हे संक्षिप्त रूप होय. मी तिन्ही वकिलांचे मिळून पस्तीसेक वाटपाचे दावे वाचले. दावा गैरहजेरीत काढला गेला का, प्रतिवादीकडून काम असताना कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, मुदतीत दिली गेली का (समन्स मिळाल्यापासून तीस दिवस, न्यायालयाने वाढवून दिल्यास नव्वद), मुदतीचे अर्ज खर्चाच्या अटीवर मंजूर होण्याची वेळ कितीदा आली, हे मी एका वहीत उतरवले. नावे निरनिराळ्या पद्धतीने टंकलेली असल्यामुळे एकाच वकिलाचा शोध चार-पाच वेळा घ्यावा लागतो. आद्याक्षरे आधी, आडनाव आधी, मध्येच टिंब असे सगळे प्रकार आढळतात. बार क्रमांकाने शोधण्याचीही सोय आहे, पण ज्या प्रकरणांत तो नोंदवलेला नसेल ती त्यातून निसटतात.

याच टप्प्यावर मी एक मोठी चूक केली. एका वकिलांच्या बहुतेक दाव्यांत साठ-सत्तर तारखा पडल्या होत्या, म्हणून "हे तारखा घेणारे वकील" असा शेरा मारून मी त्यांना बाद केले. पुढे माझ्याच दाव्याचा तक्ता लांबत गेला तेव्हा मला ती भाषा कळू लागली. समन्स बजावणी न होणे, मयत प्रतिवादीचे वारस दाखल करणे, न्यायाधीशांची बदली होऊन जागा रिकामी असणे, त्या दिवशीच्या कामांच्या यादीत वेळ न उरणे अशा कारणांनी पुढे गेलेली तारीख वकिलाच्या खात्यावर मांडता येत नाही. वाटपाच्या दाव्यात पंधरा-वीस प्रतिवादी असतात आणि दावा चालू असताना त्यांतील दोन-तीन म्हातारी माणसे जातातच. वही पुन्हा उघडून त्या वकिलांच्या तारखा कारणांसह मोजल्या, तेव्हा त्यांच्या बाजूने मागितलेल्या मुदती इतरांपेक्षा कमी निघाल्या. तोवर वकीलपत्र दुसरीकडे दिले होते.

पक्षकाराच्या नावाने घेतलेला शोध मात्र अनपेक्षितपणे मोलाचा ठरला. वकिलाने विरुद्ध पक्षाशी असलेला आपला संबंध आणि प्रकरणातील स्वतःचा हितसंबंध नेमणुकीच्या वेळीच स्पष्टपणे सांगितला पाहिजे, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. शिवाय ज्याने एका पक्षाला त्या प्रकरणात सल्ला दिला आहे, त्याने त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाचे काम करू नये असाही नियम आहे. मोठ्या शहरात हा प्रश्न क्वचित येत असेल. जिल्ह्याच्या ठिकाणी तो जवळजवळ प्रत्येक वादात येतो, कारण जमिनीचे काम करणारे जाणते वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि भाऊ, चुलते, खरेदीदार हे सगळे त्यांच्याकडे कधी ना कधी जाऊन आलेले असतात. आमच्या जमिनीचा तुकडा घेऊ पाहणाऱ्या एका खरेदीदाराचे काम पूर्वी केले आहे का, असे मी तिघांनाही विचारले. एकाने ठामपणे नाही म्हटले. त्याच रात्री खरेदीदाराचे नाव टाकून पाहिले, तर दोन प्रकरणांत त्याच्या बाजूला वकील म्हणून हेच गृहस्थ दिसले.

तिघांपैकी दुसऱ्या वकिलांनी माझे बोलणे निम्म्यावरच थांबवले. "ताई, तुमच्या चुलत भावाच्या खरेदीखताचा मसुदा माझ्या नजरेखालून गेला आहे. यापुढे मला काही सांगू नका, तुमचेच नुकसान होईल," असे म्हणून त्यांनी कागद मिटून माझ्याकडे सरकवले, चहा मागवला आणि सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. तीन आठवड्यांत भेटलेल्यांपैकी ज्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला असे हे एकच वकील, आणि नेमके तेच मला नेमता आले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा त्यांनी दोन नावे सांगितली. माझ्या आताच्या वकील मॅडम त्यांपैकी एक.

मॅडमचे नाव मिळाल्यावर मी दोन दिवस सुट्टी काढून न्यायालयात जाऊन बसले. दिवाणी न्यायालयाचे कामकाज सर्वसाधारणपणे खुले असते, मागच्या बाकावर शांतपणे बसणाऱ्याला कोणी उठवत नाही. पुकारा झाल्यावर त्या जागेवर होत्या का, त्यांच्याकडे फाइल होती की ज्युनियर धावत शोधायला गेला, हे तिथे डोळ्यांनी दिसते. एका प्रकरणात न्यायाधीशांनी जुन्या निवाड्याबद्दल विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "साहेब, तो निवाडा माझ्या बाजूने पूर्णपणे जात नाही, पण वस्तुस्थितीत फरक आहे तो दाखवते." हे वाक्य ऐकून मी वकीलपत्र त्यांनाच द्यायचे ठरवले.

फीच्या बाबतीत नातेवाइकांशी माझे चांगलेच वाजले. पहिल्या यादीतील एकांनी "आता काही देऊ नका, जमीन मिळाली की हिश्श्याचे दहा टक्के द्या" असा प्रस्ताव ठेवला होता, आणि घरातील सर्वांना तो फार सोयीचा वाटत होता. वकिलाची फी निकालावर अवलंबून ठेवणे किंवा निकालातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा ठरवणे नियमांनुसार निषिद्ध आहे (हा २० वा नियम), आणि जो पहिल्याच बैठकीत स्वतःचा नियम मोडतो तो पुढे माझ्यासाठी कोणता पाळेल, असा माझा प्रश्न होता. मॅडमनी दाव्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची रक्कम कागदावर लिहून दिली आणि टंकलेखन, नकला, प्रवास यांचा खर्च वेगळा दाखवला. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादांत स्त्री पक्षकारांना न्यायालयीन शुल्कात माफी दिलेली आहे, हेही मला त्यांच्याकडूनच प्रथम कळले. ती माफी नेमकी कोणत्या वादांना लागू होते यावर विरुद्ध पक्ष हरकत घेऊ शकतो, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत. आधीच्या वकिलांनी 'कोर्ट फी' म्हणून घेतलेल्या रकमेचा हिशेब मला आजतागायत मिळालेला नाही.

चौकशीचा एवढा खटाटोप का, असे अनेकांनी विचारले, कारण फसवणूक झाली तर तक्रार करता येतेच अशी सर्वसाधारण समजूत आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवेविरुद्ध ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार चालणार नाही असा निकाल दिला, तेव्हा ते दार बंद झाले. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते आणि शिस्तपालन समिती ताकीद, निलंबन किंवा पटावरून नाव काढण्यापर्यंत शिक्षा देऊ शकते. परंतु त्यातून शिक्षा वकिलाला होते, माझा गेलेला दावा त्याने परत येत नाही. एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. जुनी फाइल "बाकी भरा, मग न्या" म्हणून अडली होती. या निकालाचा उल्लेख असलेले दोन ओळींचे पत्र गेल्यावर ती चौथ्या दिवशी मिळाली, अर्थात दोन मूळ उतारे वगळून.

आता मॅडमबद्दल. विलंब माफ होऊन दावा मूळ नंबरावर आला, मला खर्च भरावा लागला, आणि तूर्तातूर्त मनाई (दावा चालू असेपर्यंतचा मनाई हुकूम) जमिनीच्या एका गटापुरती मिळाली. दुसऱ्या गटाबाबत मिळणे कठीण आहे असे त्यांनी आधीच सांगितले होते आणि तसेच झाले. हजेरी, स्पष्टवक्तेपणा आणि पैशांचा हिशेब या तिन्ही बाबतींत चौकशीत दिसले तेच प्रत्यक्षात अनुभवाला आले. जे चौकशीत दिसले नाही ते म्हणजे दूरध्वनी. त्या तो उचलत नाहीत. अॅपवर त्यांच्या नावापुढे दोनशेहून अधिक प्रलंबित प्रकरणे पाहिली तेव्हा मला ती लौकिकाची खूण वाटली होती. त्याचा अर्थ असा की माझ्या वाट्याला महिन्यातून फार तर वीस मिनिटे येतात, हे गणित तेव्हा सुचले नाही. मार्च महिन्यात एका तारखेला त्यांनी ज्युनियरला अपुऱ्या कागदांनिशी पाठवले आणि तारीख वाया गेली. ते मला त्यांच्याकडून नव्हे, संध्याकाळी अॅपवरून कळले. मी विचारले तेव्हा त्यांनी चूक मान्य केली आणि त्या तारखेचे पैसे लावले नाहीत, तरी आधी कळवले असते तर बरे वाटले असते.

विचारायचा राहिलेला प्रश्न असा : साक्षीदारांचा उलटतपास स्वतः कोण घेणार? वकीलपत्रावर मॅडमच्या नावाखाली त्यांच्या दोन सहकाऱ्यांचीही नावे आहेत, आणि वाटपाच्या दाव्यात भावाचा उलटतपास हाच कणा असतो. न्यायालयाने कोणत्या प्रश्नांवर निर्णय द्यायचा ते वादमुद्दे निघाले आहेत. पुढची तारीख माझ्या सरतपासाच्या, म्हणजे माझ्या स्वतःच्या साक्षीच्या, शपथपत्राची आहे. त्याचा मसुदा गेल्या आठवड्यात आला, मी फेरफाराची दोन वर्षे दुरुस्त करून परत पाठवला आणि त्याच पत्राच्या शेवटी उलटतपासाचा प्रश्न या वेळी लेखी विचारला. उत्तर अजून आलेले नाही.