कानाची प्रतिकृती: कवच सुबक, पण ऐकणारा भागच गायब

आमच्या सांगलीतील शाळेच्या प्रयोगशाळेसाठी जूनमध्ये शहरातल्याच एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून कानाची चौपट आकाराची प्लॅस्टिकची प्रतिकृती घेतली. नववीच्या वर्गात तीन महिने वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण उत्तम आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडे सुटी निघतात, पुन्हा नेमकी बसतात आणि इतके हात लागूनही रंग उडालेला नाही.

माझा आक्षेप अंतःकर्णाबद्दल आहे. कर्णावर्त अडीच वेढ्यांच्या शंखासारखा सुबक घडवला असला तरी तो भरीव आहे. म्हणजे मुलांच्या हाती येते ते केवळ हाडाचे कवच. आतले द्रवाने भरलेले तीन मार्ग, सुमारे 35 मिलिमीटर लांबीचे आधारपटल आणि त्यावरच्या केशपेशी यांपैकी काहीच दिसत नाही. पटल कंप पावले की या पेशींच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस वाकतात, पोटॅशियमचे आयन आत शिरतात आणि श्रवणचेतेकडे संदेश निघतो. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे गणेशोत्सवात डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या मुलांना नेमका हाच भाग दिसायला हवा होता.

दुसरी अडचण अशी की शंख टोकाकडे निमुळता होत असल्याने आतले पटलही तसेच अरुंद होत असावे असा मुलांचा समज होतो. प्रत्यक्षात रिकिबीजवळ ते अरुंद व ताठ असते आणि तिथे उंच स्वर टिपले जातात. टोकाशी ते रुंद व लवचिक होते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या घरातली एक विद्यार्थिनी प्रतिकृती हातात फिरवत म्हणाली, “सर, मग खर्ज कुठं ऐकू येतो?” तेव्हा वहीच्या कागदाची एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद अशी पट्टी कापून ती शंखावर गुंडाळली आणि तिचे रुंद टोक शिखरावर टेकवून दाखवले.

तीन अर्धवर्तुळाकार नलिका मात्र परस्परांशी काटकोनात अचूक बसवल्या आहेत, त्यामुळे डोके कोणत्याही दिशेला वळले तरी ते कसे कळते, हे समजावणे सोपे जाते.

सातवीपर्यंतच्या वर्गांसाठी ही प्रतिकृती जरूर घ्यावी. त्यापुढच्या वर्गांसाठी घेताना कर्णावर्ताचा छेद दाखवणारा भाग सोबत आहे का, हे दुकानातच खोके उघडून पाहावे. आमच्या खोक्यात सध्या ती कागदी पट्टीच ठेवलेली आहे.