नवा तांब्याचा बंब आणि आत्याची जुनी सवय

गेल्या दिवाळीपूर्वी मी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून 20 लिटरचा तांब्याचा बंब विकत घेतला. तो वाई तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या परसातील न्हाणीसाठी हवा होता. आता वर्षभराच्या वापरानंतर त्याविषयी लिहीत आहे.

भाव वजनावर ठरतो आणि घडणावळ वेगळी द्यावी लागते, त्यामुळे बंब समोर तोलून घ्यावा. अंगावरचे मठारकाम, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी उमटवलेली नक्षी, केवळ शोभेसाठी नसते. ठोक्यांमुळे पत्रा कणखर होतो आणि त्याला सहजासहजी पोचा पडत नाही. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि नळीभोवती पाणी, एवढीच बंबाची रचना असते. करवंट्या आणि दोन गोवऱ्यांवर आमच्याकडे अर्ध्या तासात अंघोळीजोगे पाणी तापते, आणि निखारे विझल्यावरही बराच वेळ ते कोमट राहते. तोटी मात्र दुसऱ्याच आठवड्यात गळू लागली व गावातून नवी बसवून घ्यावी लागली. धुरामुळे बंब बंदिस्त न्हाणीघरात कधीही पेटवू नये. उघडे परस नसेल त्यांनी तो घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरी पूर्वी असाच एक बंब होता आणि त्याच्या पोटावर तळहाताएवढे ठिगळ होते. लहानपणी मला ते ठिगळ फार विलक्षण वाटे, कारण त्याविषयी विचारले की आजी हसे आणि आत्या उठून आत जाई. आजोबांचा दंडक असा होता की, ज्याने एक बादली गरम पाणी काढले त्याने एक बादली गार पाणी ओतायचे. लग्नापूर्वीच्या शेवटच्या नरकचतुर्दशीला आत्याने शेवटची बादली काढली आणि उटण्याच्या गडबडीत पाणी ओतायचे विसरली. आत पाणी असेपर्यंत तांब्याचा पत्रा पाण्याच्या उकळबिंदूच्या फारसा वर तापत नाही. रिकाम्या बंबाचे तापमान मात्र झपाट्याने चढते, आणि सांधे जोडणारा कथील-शिशाचा डाख 183 अंशांच्या आसपासच वितळू लागतो. सांधा सुटला, तांबटाने ठिगळ मारले, आणि पुढे आत्या माहेरी आली की चहापूर्वी एक बादली बंबात ओतल्याशिवाय राहिली नाही.

तो बंब घराच्या वाटणीच्या वेळी मोडीत गेला. ती गोष्ट मला आजही सलते, आणि नव्या बंबावर इतके पैसे खर्च करण्यामागे खरे कारण तेच आहे.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी नवा बंब चिंच-मिठाने लख्ख घासला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि पाणी भरले. चिंचेतील आम्लाने तांब्यावरचा काळा थर निघून जातो. दर पंधरवड्याला एवढी मेहनत पुरते. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या काठी टेकत परसात आली. तिने बंबाच्या पोटावर वरपासून खालपर्यंत बोटाच्या पेराने टकटक केली, आवाज कुठे बदलतो ते ऐकले आणि म्हणाली, "अरे, दोन बोटं कमी आहे. आण बादली."

मी बादली आणली, पण ती तिने मला ओतू दिली नाही.