अन्नातलं ग्लुकोज मोजायला कोणता सेन्सर: ऑक्सिडेज की डिहायड्रोजिनेज?

अन्नातलं ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज यांपैकी एक एन्झाइम (विकर) असतं. डिहायड्रोजिनेजच्या बाजूने पहिला मुद्दा ऑक्सिजनचा मांडला जातो, आणि तो खराच आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज विरघळलेला ऑक्सिजन वापरून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि सेन्सर ते मोजतो. पण रसात ५ टक्के ग्लुकोज असेल, तर ते लिटरला सुमारे २७८ मिलिमोल भरतं. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन मात्र पाव मिलिमोलच्या आसपास. साहजिकच जाड पाकात आकडा एका पातळीला जाऊन अडतो. डिहायड्रोजिनेज ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन थेट मध्यस्थ रसायनाला (ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवणाऱ्या रसायनाला) देतं, त्यामुळे ही अडचण येत नाही.

तरीही अन्नासाठी माझा कौल ऑक्सिडेजलाच. ऑक्सिजनची टंचाई नमुना बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) शंभरपट पातळ करून आणि ग्लुकोज हळूहळू आत सोडणारा पडदा लावून आटोक्यात येते. माल्टोजवर, म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू जोडून बनलेल्या साखरेवर, असा उपाय नाही. डिहायड्रोजिनेजचे प्रकार त्याच्या सहाय्यक रेणूच्या नावाने ओळखतात; त्यातलं पीक्यूक्यू प्रकारचं डिहायड्रोजिनेज माल्टोजलाही ग्लुकोज समजतं, आणि स्टार्चपासून केलेल्या सिरपमध्ये, माल्टमध्ये माल्टोज असतंच. नमुना कितीही पातळ करा, दोघांचं प्रमाण तेच राहतं. एफएडी प्रकार माल्टोजला फसत नाही, पण झायलोज या दुसऱ्या एका साखरेला प्रतिसाद देतो. त्यामुळे विक्रेत्याने नुसतं ‘डिहायड्रोजिनेज’ सांगितलं तर कोणतं, ते विचाराच.

क जीवनसत्त्व दोन्ही सेन्सरना छळतं. प्लॅटिनमवर पेरॉक्साइड मोजायला लागणाऱ्या ०.६ ते ०.७ व्होल्टला त्याचंही ऑक्सिडीकरण होतं. फेरीसायनाइडसारख्या मध्यस्थाला तर ते स्वतःच इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. ऑक्सिडेजकडे इथे चांगली वाट आहे: इलेक्ट्रोडवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थर दिला की पेरॉक्साइड शून्य व्होल्टच्या आसपास मोजता येतं, आणि तिथे क जीवनसत्त्व फारसं आड येत नाही. फळांच्या रसासाठी मी हाच घेईन.

सुक्रोज (नेहमीची साखर) मोजायचं असेल तर ते फोडणारं इन्व्हर्टेज हे एन्झाइम जोडावं लागतं. त्यातून ग्लुकोजचं अल्फा रूप सुटतं, ऑक्सिडेजला बीटा रूप हवं असतं, म्हणून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारं म्युटारोटेजही लागतं. शिवाय मुळातलं ग्लुकोज वेगळं मोजून वजा करायचं. ते भरपूर आणि सुक्रोज थोडं असेल तर उत्तरावर विसंबू नका. प्रत्येक नमुन्यात वेगवेगळ्या साखरा मोजायच्या असतील तर सरळ एचपीएलसीकडे (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राकडे) जा.

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर तुमच्याच नमुन्यात मोजून ग्लुकोज घाला. आकडा तेवढाच वाढला पाहिजे. मग माल्टोज आणि क जीवनसत्त्व वेगवेगळं घाला; तेव्हा तो हलता कामा नये.