शिक्षकांसाठीचा दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रम : दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला लागून १४ वर्षे झाल्यानंतर मी शिक्षणशास्त्राच्या एका दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. नोकरी सांभाळून दोन वर्षांत करायचा हा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण झाला. या पदवीने बढती मिळेल का, असे सहकारी सर्वप्रथम विचारतात. माझी कसोटी वेगळी आहे : मी मुलांना देत असलेला स्वाध्याय यामुळे बदलला का? तो बदलला, आणि म्हणूनच काही गंभीर उणिवा असूनही हा अभ्यासक्रम करावा, असे मी मनापासून सांगेन.

त्याचे बलस्थान एका अटीत आहे. प्रत्येक घटकासाठी आपल्याच वर्गाला पूर्वी दिलेला एक स्वाध्याय निवडायचा, तो मुलांकडून नेमके काय करवून घेतो हे लिहायचे, तो नव्याने रचायचा, प्रत्यक्ष वर्गात द्यायचा आणि मुलांची नावे झाकून सहा वह्यांच्या प्रती मार्गदर्शकांकडे पाठवायच्या. नुसते वाचून आणि टिपणे काढून हा अभ्यासक्रम पूर्ण होऊच शकत नाही.

पहिल्याच कामात मला संपूर्ण सत्रात विचारलेले प्रश्न शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या व २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी सुधारलेल्या, विचारांच्या पातळ्यांच्या वर्गीकरणानुसार लावून पाहायचे होते. स्मरणापासून नवनिर्मितीपर्यंत सहा पातळ्या डी.एड., बी.एड. झालेल्या कोणाही शिक्षकाला तोंडपाठ असतात, मलाही होत्या. परंतु स्वतःचे प्रश्न एकेक करून त्या रकान्यांत लिहू लागले, तेव्हा पहिला रकाना भरून वहीच्या पुढच्या पानावर गेला आणि शेवटचे दोन कोरे राहिले. मी मुलांना विचार करायला लावते, अशी माझी इतकी वर्षे प्रामाणिक समजूत होती.

घनतेच्या पाठावर मी दरवर्षी ‘घनतेची व्याख्या लिहा, सूत्र सांगा व तीन उदाहरणे सोडवा’ असा गृहपाठ देत असे. त्याऐवजी मी लिहिले : ‘खेळण्याच्या मातीचा गोळा पाण्यात बुडतो, त्याच गोळ्याची खोलगट वाटी केली की ती तरंगते, असे का, ते करून पाहा आणि कारण लिहा.’ एका मुलीने उत्तर लिहिले की वाटी केल्यावर माती हलकी होते. पूर्वी मी तिथे फुली मारून योग्य उत्तर लिहून दिले असते. या वेळी मी एवढाच शेरा लिहिला, ‘दोन्ही वेळा वजन करून पाहा.’ दोन दिवसांनी तिच्या वहीत तराजूवरचे दोन सारखे आकडे होते आणि खाली ओळ होती, ‘माती तेवढीच आहे, पण वाटीच्या पोकळीतली हवासुद्धा धरली तर जागा जास्त लागते.’ सरासरी घनतेची कल्पना तिने त्या शब्दाशिवायच गाठली होती. त्यानंतर मी फळ्यावर सूत्र लिहिले, तेव्हा त्यातले आकारमान कशाचे धरायचे हा प्रश्न तिनेच विचारला.

वही तपासण्याविषयीचा घटक मला सर्वांत मोलाचा वाटला. रूथ बटलर यांच्या १९८८ मधील अभ्यासात ज्या विद्यार्थ्यांना फक्त शेरे मिळाले, त्यांची कामगिरी आणि गोडी टिकली किंवा वाढली; ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले, त्यांना मात्र शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. हे वाचल्यावर मी क्रम बदलला. आता पहिल्या तपासणीत फक्त शेरा असतो, मुले त्यानुसार उत्तर सुधारतात आणि मगच गुण मिळतात. सुरुवातीचा महिनाभर मुले वही हातात पडताच पाने उलटून गुण शोधत असत, पालकही विचारणा करीत. पुढे शेरा वाचून शेजारच्याला ‘हे कसे करायचे’ असे विचारणारी मुले दिसू लागली.

रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगावरचे टिपणही उपयोगी पडले. लगेच चाचणी घेतली तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे असतात, परंतु आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलेले असते. त्यामुळे माझ्या प्रत्येक गृहपाठातील एक प्रश्न आता मागच्या महिन्यातील पाठावरचा असतो.

आता उणिवा. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने लांबलचक आहेत आणि त्यांत बहुतांशी पाठ्यसाहित्यच वाचून दाखवले जाते. मी तिसऱ्या आठवड्यापासून ती सोडून थेट साहित्य वाचू लागले आणि माझे काही अडले नाही. संख्याशास्त्राच्या घटकाचा वर्गातील कामाशी सांधा जुळवलेला नाही. त्याहून मोठी तक्रार म्हणजे दुसऱ्या सत्रातील माझ्या एका कामावरचा अभिप्राय सात आठवड्यांनी आला. तोवर तो पाठ संपला होता, मुले पुढच्या घटकावर गेली होती आणि सुधारणा करून पाहण्याची संधी त्या वर्षापुरती गेली. वेळेवर मिळालेल्या शेऱ्याचे महत्त्व शिकवणाऱ्या संस्थेकडून हे व्हायला नको होते, आणि मी तसे लेखी कळवलेही.

मोठ्या वर्गाचा विचारही अभ्यासक्रमाने पुरेसा केलेला नाही. साठ वह्यांवर प्रत्येक उत्तराला शेरा लिहिणे एका शिक्षकाला शक्य नाही. मी स्वतःपुरता मार्ग काढला : प्रत्येक गृहपाठातील एकाच प्रश्नावर सविस्तर शेरा लिहायचा, बाकीची उत्तरे मुलांनी नमुना उत्तराशी ताडून पाहायची. मार्गदर्शकांना तो पटला, पण असा मार्ग साहित्यातच सुचवलेला असता, तर माझे पहिले सत्र एवढे ओढाताणीचे गेले नसते.

आठवड्याला आठ ते दहा तास लागतात, वह्या पाठवायच्या आठवड्यात त्याहून अधिक. प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : अभिप्राय किती दिवसांत मिळेल आणि मार्गदर्शकांनी स्वतः शाळेत शिकवले आहे का. माझ्या दोन मार्गदर्शकांपैकी एकांनी ते केले होते, आणि त्यांच्या शेऱ्यांत ते दर ओळीला जाणवत असे. ज्यांच्याकडे या वर्षी नियमित वर्ग नाही, कार्यालयीन जबाबदारीच अधिक आहे, त्यांनी मात्र प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा. समोर मुलांच्या वह्या नसतील, तर या अभ्यासक्रमातील निम्मे काम करताच येत नाही.