टायपिंगवालीच्या घरात लिनक्स मिंट: जुना डबा गेला, त्याच्या जागी काय ठेवलं

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. घरच्या जुन्या डेस्कटॉपच्या जागी नागपूरच्या बर्डीवरून एक रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून विकलेला, छोटा पीसी आणला आणि रोजच्या कामाला त्यावर लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम) ठेवलं. विंडोज ११ सोबत आलं होतं. ते नीट वापरून पाहिलं आणि मग काढलं.

मी काही इंजिनियर नाही. मानेवाड्याला घरीच मराठी-हिंदी टायपिंग करते. विद्यापीठातल्या पोट्ट्यांचे प्रबंध, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिकेचा मजकूर, असं सगळं. बाकी वेळ त्याच मशीनवर मुलाचे फॉर्म, सासूबाईंची कीर्तनं आणि आमच्या ह्यांचे लाईट बिल. ज्यांच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे एवढंच, त्यांनी पुढे वाचावं. गेम खेळणाऱ्यांना माझ्याकडून काही मिळायचं नाही.

जुना डबा २०१३ सालचा, असेंबल केलेला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. विंडोज १० वर रडतखडत चालायचा, पण चालायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. घरगुती मशीनला आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट घेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. तिसऱ्या पिढीला तिथे दारातच मनाई. आडमार्गाने चढवता येतं, पोट्टे चढवतातही, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. माझ्याकडे लोकांच्या आधार कार्डांचे स्कॅन पडलेले असतात. मला तो जुगार नको होता.

नवीन असेंबल करायचा विचार बर्डीवर जाऊन अर्ध्या तासात मावळला. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठल्या कुठे गेले आहेत. दुकानदार म्हणाला, "ताई, रॅम आता सोन्यावानी झाली. आज घ्या नाहीतर उद्या रडा." मग त्यानेच आतून ऑफिसांमधून परत आलेला एक छोटा पीसी काढला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागची वेगवान डिस्क). पंधरा हजारांच्या आतबाहेर सौदा झाला.

"विंडोज टाकून देतो, ऑफिस पण टाकून देतो. एक रुपया लागणार नाही."

"भाऊ, लायसन्सचं काय?"

"लायसन्स काहून पाहिजे तुम्हाले? घरीच तर वापरून राहिले!"

इथे जरा थांबते, कारण हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन उघडून पाहा. 'डिजिटल लायसन्स' असं असेल तर ठीक. पण 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने' चालू झालंय असं काही लिहिलेलं दिसलं, आणि तुम्ही तर कुठल्याच संस्थेत नाही, तर समजा की क्रॅक मारलाय. माझ्या मशीनवर तेच निघालं. गंमत म्हणजे त्याची गरजच नव्हती. अशा ऑफिसच्या पीसींमध्ये मूळ विंडोज प्रोची की बऱ्याचदा मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. भाच्याने पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज ११ टाकलं, नेट जोडलं आणि ते आपोआप खरंखुरं ॲक्टिव्हेट झालं. दुकानदाराने दिलेलं 'फुकट ऑफिस' मात्र गेलं. जाऊ दे.

विंडोज ११ वाईट नाही. या मशीनवर ते चांगलं पळतं. मराठीसाठी त्यात इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. ज्यांना टायपिंग शिकायचं नाही त्यांच्यासाठी तो खरंच छान आहे. मला खटकलं ते त्याचं सारखं मधे मधे बोलणं. सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचं अकाउंट, मग डेस्कटॉपवरच्या फायली वनड्राइव्हवर ठेवायचा आग्रह, आणि तिथे फुकट जागा पाच जीबी. माझ्या एका प्रबंधाच्या स्कॅनमध्येच ती संपेल. ज्याला हे चालतं त्याने खुशाल ठेवावं. टॅली चालवणाऱ्याला तर पर्यायच नाही, टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल तरी विंडोजच बरं. उगाच लिनक्सवर त्याचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्राम, शोधत बसू नये.

मग मी का काढलं? खरं सांगायचं तर मला विंडोज ज्या गोष्टीसाठी लागायचं तीच संपत आली आहे. ती गोष्ट म्हणजे जुने फॉन्ट.

नागपूरच्या महाल भागातल्या इन्स्टिट्यूटमध्ये मी मराठी ३० शब्दांची परीक्षा दिली ती खडखडत्या मशीनवर, रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या, मांडणीत. कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्यासारख्यांना कृतिदेव हा फॉन्ट जवळचा वाटला, कारण बोटांची सवय तीच. पण या जुन्या फॉन्टांची गंमत अशी की आत मराठी नसतंच. आत असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये लिहिलेलं 'नागपूर' फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा: यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. सहा अक्षरं, अर्थ शून्य. गूगलला ते सापडत नाही, मोबाईलवर वाचता येत नाही. आणि तुम्ही कायम त्या फॉन्टला, पानं मांडायच्या त्या पेजमेकर सॉफ्टवेअरला, म्हणजेच त्या विंडोजला बांधलेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली २००१ मध्ये, आणि गल्लोगल्लीच्या छापखान्यांत ती अजून चालू आहे!

त्यामुळे घरचा कॉम्प्युटर बदलताना आधी काय बदलायचं असेल तर ते फायलींमधलं अक्षर. मी चालू कामाच्या फायली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, आणल्या. कन्व्हर्टर बहुतेक काम करतो, पण जिथे चुकतो तिथे ठरावीकच चुकतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. उलटापालट करताना जोडाक्षर आणि रफार एकत्र आले की गडबड होते. दुसरं म्हणजे 'सुऱ्या', 'कऱ्हाड' यातला तो आडवा र. हिंदीच्या फॉन्टात तो नसायचा, म्हणून आम्ही सगळे डॅश मारून 'सु-या', 'क-हाड' असं भागवायचो. कन्व्हर्टरला वाटतं तो खराच डॅश आहे. ते लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) शोधा-बदला लावून काढले, पण 'सर्व बदला' दाबू नका, 'दया-याचना' असं काहीतरी खरं डॅशवालंही सापडतं. एकेक बघून बदला.

मिंटवर हा र कसा उमटतो तेही सांगते, कारण मला हेच पाहायचं होतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडलं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ, म्हणजे ऱ, हलन्त, य. 'ऱ्य' एकदम स्वच्छ. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, जशी विंडोजवर तशीच इथे. इनस्क्रिप्ट हे सरकारी प्रमाण आहे, त्यामुळे बोटांना कळलंही नाही की खालची सिस्टीम बदलली. रेमिंग्टनची सवय सुटत नसेल तर आयबस या भाषा बदलून टाइप करू देणाऱ्या प्रोग्रामसाठी एम-१७-एनचं पॅकेज टाका, त्यात हिंदीचा रेमिंग्टन आहे. एक बारीक गोष्ट: लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मार्गदर्शक बाई कडक असतील तर पहिल्याच पानावर हे दिसतं त्यांना.

बाकी मिंट म्हणजे शांत कारभार. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, फायरफॉक्स आहे, लिब्रेऑफिस आहे, अकाउंट कोणी मागत नाही. अपडेट आले की कोपऱ्यात छोटी ढाल दिसते, आपल्या सवडीने घ्यायचे. २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "तो इंटरनेटचा ई कुठे गेला?" नंतर त्या जागी कोल्हा आहे हे कळलं आणि विषय मिटला. सासूबाईंना तर काही बदललंय हेच माहीत नाही. आणि मे महिन्यात दुपारी लाईट गेली की हा छोटा पीसी लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतो, इन्व्हर्टरवर बराच वेळ निघतो. जुना डबा इन्व्हर्टरला लावला की पंखा बंद करावा लागायचा. आता हे काही मिंटचं कौतुक नाही, पण नागपुरात घेणाऱ्याला सांगायलाच हवं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी प्रिंटरची. माझा जुना लेझर प्रिंटर, कंपनीचं नाव घेत नाही, दणकट आहे, कितीही कागद ओढतो, पण लिनक्सवर त्याने मला रडवलं. ड्रायव्हर जुना, बसता बसत नाही, बसला तर रीस्टार्टनंतर पुन्हा रुसतो. शेवटी तो जुन्या डब्यालाच जोडून ठेवला आणि मी पीडीएफ पेनड्राइव्हने तिकडे नेते. हे काही सुखाचं नाही. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्सवर एचपीलिप हा ड्रायव्हर असल्याने त्रास नसतो, पुढचा तोच बघीन. म्हणून मिंट टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालू करा, इन्स्टॉल न करता, आणि तिथूनच एक पान छापून पाहा. वायफाय, आवाज, स्कॅनर, सगळं त्याच बैठकीत कळतं. हार्डडिस्कला धक्काही लागत नाही.

दुसरी तक्रार वर्डच्या फायलींची. उघडतात, पण मंगल किंवा निर्मला फॉन्टात केलेला प्रबंध इथे उघडला की तो फॉन्ट नसल्याने ओळी हलतात, ओळी हलल्या की पानं हलतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. मी आता सगळं मुक्ता फॉन्टात करते, तो फुकट आहे, आणि गिऱ्हाइकाला सोबत पीडीएफ देते. ज्याला वर्डमध्येच पुढे दुरुस्त्या करायच्या आहेत त्याला मुक्ता पाठवते, टाकून घे म्हणते. काही टाकतात, काही फोन करतात.

पेजमेकरच्या जुन्या फायली लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडतात, हे मला भाच्याने दाखवेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. मांडणी थोडी सरकते, पण जुना फॉन्ट टाकलेला असेल तर मजकूर वाचता येतो आणि तिथून उचलून कन्व्हर्टरमध्ये नेता येतो. डोंगल (पेनड्राइव्हसारखी लायसन्सची किल्ली) लावून चालणारं माझं जुनं मराठी सॉफ्टवेअर मात्र इकडे येत नाही. त्यासाठी जुना डबा ठेवलाय, नेटची वायर काढून.

बाकीचे पर्याय थोडक्यात. गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स फुकट आहे, चार जीबीत चालतं, पण सगळं ब्राउझरमध्ये, आणि मोबाईलची ॲप त्यावर चालत नाहीत. फक्त यूट्यूब आणि मेल असेल तर उत्तम, माझ्या कामाचं नाही. ॲपलचा मॅक मिनी २०२४ मध्ये ५९,९०० ला आला, त्यात ना मॉनिटर ना कीबोर्ड. हात जोडले. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स आपल्याकडचं म्हणून पाहायची इच्छा होती, पण अडलं तर विचारायला माझ्या ओळखीत कोणी नव्हतं. मिंटवाला भाचा होता.

टाकायचंच असेल तर: आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, डाउनलोड तीन जीबीच्या आसपास. आठ जीबी रॅम असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या, चार असेल तर हलकी एक्सएफसीई. जुन्या मशीनवर टाकत असाल तर आधी हार्डडिस्क काढून एसएसडी लावा, आणि घड्याळ दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर एकेक साइट 'असुरक्षित' म्हणून अडवत बसतो आणि बोल लिनक्सला लागतो. आणि फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी.