पेन्सिल न आणण्याचा वर्ग

माणूस समोर उभा करून चित्र काढायचा वर्ग: सहा आठवडे, दर खेपेला अडीच तास, समोर मॉडेल आणि अट एकच: पेन्सिल आणायची नाही. माझं सगळं कसब टूबी पेन्सिलीच्या टोकावर. पापण्या अगदी एकेक काढायची, पण मॉडेलचं वजन कुठल्या पायावर आहे ते माझ्या चित्रात कधी कळायचं नाही. म्हणून नाव घातलं.

पहिल्याच दिवशी मीटरभर काठीच्या टोकाला चिकटपट्टीने कोळसा बांधून हातात दिला आणि कागद लावला भिंतीवर. फ्रेंच चित्रकार मातिसनं फ्रान्समधल्या व्हाँसच्या चॅपेलसाठी (१९४८ ते १९५१) असाच काठीला कोळसा बांधला होता, असं सर म्हणाले. असेल, पण हात मातिसचा होता! दोन-दोन मिनिटांच्या पोझ. मनगट निकामी, रेघ खांद्यातून ओढावी लागते. पहिला डोळा थेट कानाशी पोचला. तिसऱ्या कागदावर डोळ्यांचा नाद सोडला, आणि बाई उभी राहिली की हो: कंबर एकीकडे वर, त्याच बाजूचा खांदा खाली, सगळा भार डाव्या टाचेवर. एवढ्यासाठी सगळी फी वसूल.

मेणबत्तीचा दिवसही आवडला. अंगावर जिथे उजेड पडलाय तिथे पांढऱ्या कागदावर पांढरं मेण घासायचं, वरून पातळ शाईचा हात फिरवायचा. मेणावर शाई ठरत नाही, थेंब होऊन बाजूला सरते. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरनं १९४०-४१मध्ये बॉम्बहल्ल्यांपासून लंडनच्या भुयारी स्टेशनांत आसरा घेतलेल्या लोकांची चित्रं मेण आणि जलरंगातच केली. आपण काय काढतोय ते शाई पडेपर्यंत दिसत नाही, ही खरी गंमत. माझ्या मॉडेलला तीन हात निघाले.

तक्रार ब्लीचच्या दिवसाची. आधी शाईने कागद काळा करायचा, मग ब्लीचमध्ये काडी बुडवून उजेड काढायचा. पण कार्बनच्या इंडिया इंकवर ब्लीच चालत नाही, डायची (विरघळणाऱ्या रंगाची) शाई लागते, हे कुणी आधी सांगितलंच नाही. अर्धे लोक काळ्या कागदावर काड्या घासत बसले. माझा प्राण्याच्या केसांचा चांगला रंगाचा ब्रश त्यात विरघळला, तो वेगळाच. आणि मॉडेलला थंडी वाजू नये म्हणून खिडक्या बंद! आमचे डोळे चुरचुरले की आम्ही बाहेर पळायचो, ती बिचारी वीस मिनिटं तशीच उभी. हे मला अजिबात पटलं नाही. ब्लीच शिकवायचंच तर एखाद्या खुर्चीवर शिकवा.

शेवटचे दोन वर्ग तार, स्पंज, चिकटपट्टी असे घाईघाईत उरकले. चाळीस मिनिटांच्या पोझमध्ये स्पंज घेऊन करायचं काय, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

पाचापैकी साडेतीन. काठी मात्र घरी चालू ठेवली आहे. कागद पुरत नाही, परवा एका मॉडेलचं कोपर दाराच्या चौकटीवर उतरलं.